बेवारस विषाचा वारस कोण?

मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी दुपारी चारच्या सुमारास ‘फोर्ट स्टिकिन’ या मालवाहू जहाजाचा प्रचंड स्फोट झाला. जहाजाच्या पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटके होती आणि त्याच जहाजात कापसाच्या गाठीही रचलेल्या होत्या. स्फोटके वाहणाऱ्या जहाजाने फडकवायचा लाल बावटा त्यावर लावलेला नव्हता. कापसाने पेट घेतला. आग विझविण्यासाठी धावून गेलेल्या अग्निशमन दलाच्या ६६ जवानांना त्या दिवशी प्राणास मुकावे लागले. शेकडो नागरिक मृत्युमुखी पडले आणि हजारो कुटुंबे रस्त्यावर आली. त्या जवानांच्या स्मरणार्थ देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. सप्ताहात मानवंदना होते, प्रात्यक्षिके होतात, भाषणे होतात. परंतु त्या दुर्घटनेने दिलेला मूळ धडा या समारंभांत हरवून जातो. तो धडा असा की, बंदरात येणाऱ्या धोकादायक मालाची ओळख आणि त्याची जबाबदारी या दोन्ही गोष्टी जहाज धक्क्याला लागण्यापूर्वीच ठरलेल्या असाव्या लागतात.

हा धडा आपल्या किती अंगवळणी पडला, याचे उत्तर १४ जुलै २०१० च्या पहाटे त्याच मुंबई बंदराने दिले. शिवडीच्या हाजी बंदर येथील गोदामात पडून असलेल्या सिलिंडरमधून क्लोरीन वायूची गळती झाली. परिसरातील कामगार, रहिवासी, विद्यार्थी आणि मदतीसाठी गेलेले अग्निशमन जवान अशा सुमारे शंभर जणांना या वायूची बाधा झाली व अनेकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. क्लोरीन हा हवेपेक्षा जवळजवळ अडीच पट जड वायू. तो वर निघून जात नाही. जमिनीलगत पसरतो, सखल भागात साचतो आणि झोपलेल्या माणसाच्या श्वासातून फुप्फुसात उतरतो. पहिल्या महायुद्धात एप्रिल १९१५ मध्ये ईप्र येथे जर्मन सैन्याने शत्रूवर सोडला तो हाच वायू. आणि हा वायू भरलेली सिलिंडर मुंबईसारख्या महानगरात एका तपाइतका काळ गंजत पडलेली होती! ज्याने ती परदेशातून मागविली, त्याने ती सोडवून नेलीच नाहीत. ज्यांच्या गोदामात ती होती, त्यांच्या लेखी तो दुसऱ्याचा माल होता. ज्यांच्याकडे कराचा हिशेब होता, त्यांच्या लेखी ती एक प्रलंबित फाइल होती.

घातक रसायनांच्या आयातीविषयी जेव्हा चर्चा होते, तेव्हा ती बहुधा ‘कायदे कडक करा’ या एका घोषणेपाशी येऊन थांबते. वास्तविक आपल्याकडे कायद्यांचा दुष्काळ नाही. दुष्काळ आहे तो उत्तरदायित्वाचा. परदेशी बंदरात जहाजावर चढलेले विषारी पिंप भारतातील कारखान्यात वापरून संपेपर्यंत, किंवा त्याची शास्त्रशुद्ध विल्हेवाट लागेपर्यंत, त्या पिंपाला प्रत्येक क्षणी एक मालक आणि एक पालक असला पाहिजे. ही साखळी जेथे तुटते, तेथे विष बेवारस होते आणि बेवारस विषाचे वारस ठरतात ते गोदी कामगार, बंदरालगतच्या वस्तीतील माणसे आणि आग विझविण्यास गेलेले जवान.

आपले कायदे कसे घडले हे पाहिले तर त्यांतील प्रत्येक ओळीमागे कोणाचा तरी मृत्यू आहे, हे ध्यानात येते. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळमध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट बाहेर पडला आणि हजारो माणसे दगावली. वर्षभरातच, डिसेंबर १९८५ मध्ये, राजधानी दिल्लीत एका कारखान्यातून ऑलियमची गळती झाली. त्यानंतर १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने, धोकादायक उद्योग चालविणाऱ्यावर होणाऱ्या हानीची निरपवाद जबाबदारी राहील, असे तत्त्व घालून दिले. १९८९ मध्ये ‘घातक रसायनांचे उत्पादन, साठवण व आयात नियम’ लागू झाले. १९९१ मध्ये सार्वजनिक दायित्व विमा कायदा आणि १९९६ मध्ये रासायनिक अपघातांसाठी आपत्कालीन नियोजनाचे नियम आले. हा सारा डोलारा भोपाळच्या राखेतून उभा राहिला आहे. म्हणूनच त्यातील एकेका तरतुदीकडे ‘सरकारी कटकट’ म्हणून पाहणे ही मृतांची अवहेलना ठरते.

१९८९ च्या नियमांतील अठरावा नियम आयातीसंबंधी आहे आणि तो समजावयास मुळीच अवघड नाही. घातक रसायन मागविणाऱ्याने माल कोणाच्या नावे येत आहे, कोणत्या बंदरात उतरणार आहे, कोणत्या वाहनाने येत आहे, त्याचे प्रमाण किती आणि त्याच्या सुरक्षिततेची संपूर्ण माहिती काय, हे संबंधित अधिकाऱ्यास तीस दिवस आधी कळवावे, अशी अपेक्षा आहे. माल असुरक्षित वाटल्यास अधिकारी आयात थांबविण्याचा आदेश देऊ शकतो. आयातीस हरकत नसेल, तर त्याने बंदर प्रशासनास सूचना देऊन माल उतरविताना घ्यावयाच्या काळजीची व्यवस्था करावयाची असते. आयातदाराने मालाची नोंदवही ठेवावी, ती तपासणीस खुली असावी आणि बंदरातून कारखान्यापर्यंतची वाहतूक मोटार वाहन नियमांनुसार व्हावी, अशीही तरतूद आहे. २००० सालच्या सुधारणेनंतर या नियमांच्या यादीत ६८४ रसायनांची नावे आहेत. कागदावर पाहिले तर यात उणे काही नाही.

उणे आहे ते दोन ठिकाणी. पहिले असे की, तीस दिवसांची ही मुदत लवचीक आहे. ते शक्य नसेल तर ‘वाजवीरीत्या शक्य तितक्या लवकर, पण आयातीच्या दिनांकापर्यंत’ माहिती दिली तरी नियम पाळल्यासारखे होते. जहाज धक्क्याला लागल्यावर अधिकाऱ्याच्या टेबलावर कागद पडला, तर आयात थांबविण्याचा अधिकार हा नावापुरताच उरतो. समुद्रातून आलेले हजारो टन रसायन कोणी एका सहीने परत कसे पाठविणार? तहान लागल्यावर विहीर खणण्याचा हा प्रकार आहे.

दुसरी उणीव अधिक खोल आहे. एकाच पिंपावर अनेकांची सत्ता आणि म्हणून कोणाचीच सत्ता नाही, अशी स्थिती आहे. आयातीची माहिती घ्यावयाची ती प्रदूषण नियंत्रण मंडळाने. वायूची सिलिंडर, पेट्रोलियम पदार्थ आणि अमोनियम नायट्रेट यांचे परवाने द्यायचे ते नागपुरात मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेने. कारखान्याच्या आतील सुरक्षितता पाहावयाची ती राज्याच्या कारखाने निरीक्षकांनी. कारखान्याबाहेरच्या आपत्कालीन आराखड्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांची. कीटकनाशकांसाठी १९६८ चा वेगळा कायदा आणि वेगळे मंडळ. मालाची सोडवणूक करावयाची ती सीमाशुल्क विभागाने, आणि जागा भाड्याने द्यायची ती बंदराने किंवा खासगी कंटेनर स्थानकाने. यांपैकी प्रत्येकाकडे आपापला कागद पूर्ण असतो. पिंपाचा संपूर्ण प्रवास मात्र कोणाच्याच वहीत नसतो. अपघात झाला की मग टोलवाटोलवी सुरू होते आणि शेवटी एखाद्या गोदामपालाच्या गळ्यात दोष बांधून सर्व मोकळे होतात. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याची ही जुनीच रीत आहे.

आयातदाराने पाठ फिरविली तर काय होते, हे पाहण्यासाठी १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याची दोन कलमे पुरेशी आहेत. कलम २३ अन्वये आयातदार, माल सोडवून घेण्याचा आदेश होण्यापूर्वी, त्यावरील आपला हक्क सोडून देऊ शकतो आणि तसे केल्यास त्याला शुल्क भरावे लागत नाही. गुन्हा घडल्याचे दिसत असेल तेवढा अपवाद. कापड किंवा यंत्राचे सुटे भाग यांच्या बाबतीत ही तरतूद रास्तच आहे. परंतु मागविणारा ज्याच्यावरील हक्क सोडतो तो विषारी वायू असेल, तर हक्काबरोबर धोकाही त्याच्या हातून सुटतो आणि तो जनतेच्या माथी येतो. दुसरे कलम ४८ चे. माल तीस दिवसांत सोडविला नाही, तर नोटीस देऊन तो विकता येतो. विशेष म्हणजे धोकादायक मालासाठी तीस दिवस थांबण्याचीही आवश्यकता कायद्याने ठेवलेली नाही. योग्य अधिकाऱ्याच्या अनुमतीने तो केव्हाही विकता येतो. कायदा इतका स्पष्ट असताना शिवडीत क्लोरीन एका तपाइतका काळ पडून कसा राहिला? उत्तर साधे आहे. विकण्याची मुभा होती. विकण्याचे बंधन कोणावरही नव्हते. मुभा वापरणाऱ्या अधिकाऱ्याला चौकशीची भीती असते. फाइल तशीच ठेवणाऱ्याला मात्र बदली होईपर्यंत कसलीच भीती नसते.

हा आळस केवळ आपल्याच देशाचा आहे असे नाही. २०१३ मध्ये ‘रोसस’ नावाचे एक जीर्ण जहाज जॉर्जियाहून मोझांबिककडे जाताना लेबनॉनच्या बैरुत बंदरात थांबले आणि तेथेच अडकले. मालकाने जहाज व खलाशी दोहोंना वाऱ्यावर सोडले. जहाजातील २,७५० टन अमोनियम नायट्रेट बंदरातील गोदामात उतरविण्यात आले. या मालाचे काय करावे, अशी विचारणा करणारी पत्रे सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी न्यायालयाला वारंवार धाडली. कागदी घोडे नाचत राहिले आणि माल जागेवरच राहिला. ४ ऑगस्ट २०२० रोजी त्याचा स्फोट होऊन दोनशेहून अधिक माणसे ठार झाली आणि अर्धे शहर उद्ध्वस्त झाले. गोदामाला लागलेली आग विझविण्यासाठी पाठविलेले बैरुत अग्निशमन दलाचे दहाही जण त्यात मरण पावले. त्यापूर्वी पाच वर्षे, १२ ऑगस्ट २०१५ रोजी, चीनच्या तियानजिन बंदरातील रसायनांच्या गोदामात असाच स्फोट झाला. त्यातील १७३ बळींपैकी शंभराच्या आसपास अग्निशमन दलाचे होते. मुंबई, तियानजिन, बैरुत; भूमी वेगळी, काळ वेगळा. पण आत काय आहे हे ठाऊक नसलेल्या आगीत शूर माणसे ढकलली जातात, ही गोष्ट तिन्ही ठिकाणी एकच.

बैरुत हादरल्यानंतर आपल्याकडे शोधाशोध झाली, तेव्हा चेन्नईजवळच्या मणली येथील कंटेनर स्थानकात ३७ कंटेनरांत सुमारे सातशे टन अमोनियम नायट्रेट पडून असल्याचे लोकांसमोर आले. दक्षिण कोरियाहून आलेला हा माल सीमाशुल्क विभागाने २०१५ मध्ये जप्त केला होता. पाच वर्षे तो तसाच होता. मग मात्र यंत्रणेला जाग आली. लिलाव झाला आणि त्याच ऑगस्ट महिन्यात तो हैदराबादकडे रवाना होऊ लागला. जे काम पाच वर्षे झाले नव्हते, ते काही दिवसांत मार्गी लागले! याचा अर्थ असा की, अडचण कायद्याची नव्हती, पैशाची नव्हती आणि तंत्रज्ञानाचीही नव्हती. पुढे २०२१ मध्ये अमोनियम नायट्रेटच्या नियमांत सुधारणा करून जप्त मालाच्या लिलावाची वाट मोकळी करण्यात आली. हे पाऊल स्वागतार्हच आहे. परंतु एका रसायनासाठी जे शहाणपण सुचले, ते यादीतील उरलेल्या शेकडो रसायनांसाठी सुचावयास आणखी एका बैरुतची वाट पाहावयाची काय?

येथे उद्योगजगताची बाजूही समजून घेतली पाहिजे. रसायने म्हटली की सारे काही विष आणि उद्योजक म्हटला की तो नफेखोर, अशी एक फसवी समजूत समाजात रूढ होते. ती अन्यायकारक आहे. पिण्याचे पाणी निर्जंतुक होते ते क्लोरीनने. खते, औषधे, रंग, प्लास्टिक, शेतीची अवजारे यांपैकी काहीही रसायनांवाचून तयार होत नाही. देशाची मिथेनॉलची गरज मोठ्या प्रमाणात आयातीतून भागते. स्टायरीनसाठीही आपण वर्षानुवर्षे परदेशांवर अवलंबून राहिलो. आयात बंद करा, असे म्हणणे सोपे आहे. पण देशात उत्पादन सुरू केले म्हणजे धोका आपोआप टळतो असेही नाही. भोपाळचा मिथिल आयसोसायनेट प्रारंभी परदेशातूनच येत होता. १९८० च्या सुमारास तो भोपाळमध्ये तयार होऊ लागला आणि पुढच्या चार वर्षांत काय घडले ते जगाला माहीत आहे. स्वावलंबन हवेच, परंतु सुरक्षिततेवाचूनचे स्वावलंबन हे आपल्याच घरात ठेवलेले उघडे विष होय.

तारापूर, अंबरनाथ, रोहा, महाड, लोटे या औद्योगिक वसाहतींतील लहान उद्योजकाची तक्रार आहे की, एका कच्च्या मालासाठी चार दारांवर चार अर्ज करावे लागतात आणि प्रत्येक दारावर तीच माहिती वेगळ्या नमुन्यात भरावी लागते. ही तक्रार खरी आहे. नियम पाळणाऱ्याचा वेळ व पैसा जातो. मालाचे खोटे वर्णन देऊन तो सोडविणारा मात्र स्वस्तात माल विकून बाजार काबीज करतो. प्रामाणिकपणाला दंड आणि लबाडीला बक्षीस, अशी ही व्यवस्था आहे. तेव्हा नियमांचे सुलभीकरण व्हावे, यात दुमत नाही. पण सुलभीकरण म्हणजे शिथिलीकरण, असा सोयीस्कर अर्थ काढला जातो तेथे गफलत होते. अर्जाचे नमुने चारावरून एकावर यावेत. तपासणी मात्र एकाने करून तिचे उत्तरदायित्व त्यानेच घ्यावे.

यातील विसंगती पाहण्यासारखी आहे. युरोपीय संघाने २००६ मध्ये ‘रीच’ हा रसायनविषयक कायदा केला आणि तो १ जून २००७ पासून अमलात आला. माहिती नसेल तर बाजारपेठ नाही, हे त्याचे सूत्र. वर्षाला एक टनाहून अधिक रसायन युरोपात पाठवायचे तर त्याच्या गुणधर्मांची व धोक्यांची नोंदणी करावी लागते. आपले अनेक निर्यातदार, त्यात मराठी उद्योजकही आले, हा खर्च सोसून ही कागदपत्रे चोख तयार करतात. युरोपातील नागरिकांच्या सुरक्षिततेसाठी ही मेहनत आपण घेतो आणि आपल्या देशात येणाऱ्या रसायनांसाठी तशी व्यापक नोंदणी मात्र नाही! २०२० मध्ये केंद्राने ‘रसायने (व्यवस्थापन व सुरक्षा) नियमां’चा मसुदा तयार केला होता. उद्योगांशी चर्चा झाल्या, आवृत्त्या झाल्या आणि नियम मसुद्याच्याच अवस्थेत वर्षानुवर्षे रेंगाळत राहिले. परक्याच्या अंगणात सडा घालणारे आपण आपल्याच उंबरठ्यावर अंधार ठेवतो, तो का?

शिक्षेचा विचारही येथे अपरिहार्य ठरतो. पर्यावरण संरक्षण कायद्याच्या भंगासाठी पूर्वी पाच वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद होती. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने तीत बदल झाला. २०२४ पासून कारावासाऐवजी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांपर्यंतचा दंड अधिकारी ठोठावू शकतो. न्यायालयात वर्षानुवर्षे रखडणाऱ्या खटल्यापेक्षा तत्काळ वसूल होणारा दंड परिणामकारक ठरू शकतो, हा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही. भोपाळ प्रकरणात कनिष्ठ न्यायालयाचा निकाल यावयास जून २०१० उजाडला आणि दोषींना दोन वर्षांची शिक्षा झाली; त्या न्यायाने कोणाच्या जखमा भरल्या? परंतु कोट्यवधी रुपयांचा माल मागविणाऱ्याला पंधरा लाख रुपये हा व्यवसायातील एक किरकोळ खर्च वाटला, तर त्या दंडाचा धाक काय उरेल? सरकार कोणत्याही पक्षाचे असो, व्यापारसुलभतेची गणना करताना गोदी कामगाराच्या फुप्फुसाचीही किंमत धरली गेली पाहिजे, हे त्याला निक्षून सांगणे समाजाचे कर्तव्य आहे.

बंदरातून माल बाहेर पडला म्हणजे आयातीचा प्रश्न संपला, असे समजणेही चुकीचे आहे. ७ मे २०२० च्या पहाटे विशाखापट्टणम् येथील एलजी पॉलिमर्सच्या कारखान्यातून स्टायरीनची वाफ बाहेर पडली आणि १२ जणांचा बळी गेला. टाळेबंदीमुळे साठ्यातील रसायन दीर्घकाळ पडून होते. स्टायरीन थंड ठेवावे लागते आणि त्याची आपोआप होणारी रासायनिक प्रक्रिया रोखणारे द्रव्य त्यात मिसळावे लागते. या दोन्ही बाबतींत हेळसांड झाली होती. कंपनीकडे वैध पर्यावरण मंजुरी नव्हती आणि हे तिने आदल्याच वर्षी शपथपत्रात मान्य केलेले होते. मग मंजुरी नसलेल्या कारखान्यासाठी स्टायरीन येत कसे राहिले? सीमाशुल्क विभागाच्या पडद्यावर ती मंजुरी पाहण्याची सोयच नसेल, तर दुसरे काय होणार? दुर्घटनेनंतर मात्र जागे झालेल्या प्रशासनाने सुमारे १३ हजार टन स्टायरीन जहाजांत भरून दक्षिण कोरियाला परत पाठविले.

विशाखापट्टणम्‌ने आणखी एक गोष्ट उघड केली. त्या पहाटे कारखान्याचा भोंगा वाजला नाही. शेजारची माणसे वाफेच्या ढगातच झोपेतून उठली आणि धावता धावता कोसळली. भोपाळच्या वस्त्यांनाही कारखान्यात काय साठविले आहे याची कल्पना नव्हती; ओले फडके तोंडावर धरा, एवढी साधी सूचनाही त्यांना कोणी दिली नव्हती. छत्तीस वर्षांत आपण एवढेच पुढे गेलो काय? वास्तविक १९८९ च्या नियमांनी कारखानदारावर आसपासच्या लोकांना धोक्याची माहिती देण्याचे बंधन घातले आहे. १९९६ च्या नियमांनी जिल्हा व स्थानिक आपत्ती गट स्थापन करावयास सांगितले. जिल्हा गटाने पंचेचाळीस दिवसांतून एकदा बसावे आणि वर्षातून किमान एकदा पूर्ण रंगीत तालीम करावी, असेही त्यात नमूद आहे. आपल्या गावात असा गट आहे काय, त्याची शेवटची बैठक केव्हा झाली, तालमीत शाळेची मुले आणि वस्तीतील स्त्रिया होत्या की अधिकाऱ्यांची छायाचित्रे तेवढी निघाली, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे. तो वापरला जात नाही, म्हणून तो निरुपयोगी ठरत नाही.

भाषेचा प्रश्न तर मुळाशीच आहे. रसायनासोबत येणारे सुरक्षा माहितीपत्रक दहा-पंधरा पानांचे आणि इंग्रजीत असते. ते आयातदाराच्या कार्यालयात फाइलमध्ये जाते. पिंप उचलतो तो माथाडी कामगार, टँकर हाकतो तो चालक आणि घाटात टँकर उलटला तर प्रथम पोहोचतो तो गावचा पोलीस पाटील. यांपैकी एकालाही ते पत्रक दिसत नाही आणि दिसले तरी कळत नाही. पिंपावरील चार आकडी संयुक्त राष्ट्र क्रमांक पाहून अग्निशमन जवानाला रसायन ओळखता येते. पण तो क्रमांक पुसलेला, झाकलेला किंवा खोटा असेल तर पाणी मारावे की फेस, जवळ जावे की वस्ती रिकामी करावी, हे त्याने ठरवावे कसे? मालवणीमध्ये जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभराहून अधिक गोरगरिबांचा जीव घेतला, तो त्यात मिसळलेल्या मिथेनॉलमुळे. ते आयात झालेले असो वा देशी, पिंपाचा माग सुटला की विष कोणाच्या पेल्यात उतरेल याचा नेम नसतो, हे त्या वस्तीने आपल्याला शिकविले.

तेव्हा करावयाचे काय? ज्या गोष्टी करावयास हव्यात त्या फार थोड्या आहेत आणि त्यांतील एकही अशक्य कोटीतील नाही. घातक रसायनाच्या आयातीची पूर्वसूचना जहाज निघण्यापूर्वीच देणे सक्तीचे करावे आणि ती प्रदूषण मंडळ, स्फोटके सुरक्षा संघटना, बंदर, सीमाशुल्क विभाग व अग्निशमन दल या सर्वांना एकाच वेळी दिसेल अशी एकच नोंद असावी. परवाना अथवा पर्यावरण मंजुरी वैध नसेल तर ‘बिल ऑफ एंट्री’ पुढे सरकूच नये. माल परत पाठविण्याचा किंवा नष्ट करण्याचा खर्च भागेल एवढी हमी रक्कम आयातदाराकडून आधीच घ्यावी; हक्क सोडला तरी ही जबाबदारी सुटू नये. सर्वोच्च न्यायालयाने कारखानदारासाठी सांगितलेले निरपवाद दायित्वाचे तत्त्व मालाकडे पाठ फिरविणाऱ्या आयातदारापर्यंत पोहोचले पाहिजे. न सोडविलेल्या वा जप्त केलेल्या घातक मालाच्या विल्हेवाटीसाठी निश्चित मुदत असावी आणि मुदत टळल्यास कोणत्या पदावरील अधिकारी जाब देईल, हे नियमातच लिहिलेले असावे. प्रत्येक बंदराने व कंटेनर स्थानकाने पडून असलेल्या धोकादायक मालाची यादी दर तीन महिन्यांनी प्रसिद्ध करावी. आणि प्रत्येक पिंपासोबत एका पानाची सूचना त्या प्रांताच्या भाषेत असावी: काय आहे, अंगावर पडले तर काय करावे, वास आला तर कोणत्या दिशेने पळावे.

राष्ट्राच्या सीमा केवळ हिमालयात आणि वाळवंटात नसतात. न्हावा शेवा, मुंबई, कांडला, विशाखापट्टणम्, चेन्नई येथील धक्क्यांवरही त्या असतात आणि तेथे दररोज शेकडो कंटेनर त्या ओलांडतात. डोंगरातील सीमेवर जवान उभा आहे म्हणून देश निश्चिंत झोपतो. बंदराच्या सीमेवर उभा असतो तो एक कारकून, एक निरीक्षक, एक गोदी कामगार. त्यांच्या हाती पूर्ण माहिती आणि निर्णयाचा अधिकार देणे, आणि चुकले तर त्यांच्या वरिष्ठांना जाब विचारणे, ही राज्यकर्त्यांची जबाबदारी आहे. नियमपालन हे उद्योजकाने सरकारवर केलेले उपकार नव्हेत आणि सरकारने उद्योजकावर लादलेले ओझेही नव्हे. कुंपणापलीकडे राहणाऱ्या अनोळखी माणसाशी केलेला तो करार आहे. त्या करारावर सही करणारे पुष्कळ आहेत. तो पाळणारा कोण, हे नावानिशी ठरल्याखेरीज पुढचे शिवडी टळणार नाही.